दोघांपुरता भात

शेवटी मी त्याला हो म्हटलं. पण हे तुम्ही वाचलंच नाहीत असं समजा. मीही काही बोललेच नाही असं समजते. कारण तेव्हा तो मला ओळखतही नव्हता, आणि वाणीकाकांच्या दुकानात तांदळाची अख्खी गोणी खांद्यावर घेऊन उभा होता.

"घरी कार्य आहे का रे?" काकांनी विचारलं.

"नाही. रात्रीचं जेवण."

"माणसं किती?"

"मी."

मी काडेपेटी घ्यायला आले होते. मला हसू आलं नाही.

"कुठल्या बालगृहातून सुटलास?"

तो बघतच राहिला. "कसं कळलं?"

"माझीही गोणीच होती. गेल्या वर्षी."

अठरा वर्षं पूर्ण झाली की सगळं शिकवून बाहेर पाठवतात, असा तिथे समज आहे. स्वयंपाक आम्हाला येत होता, पण साठ जणांचा. त्याचा पहिला पगार त्या गोणीत चालला होता आणि खोलीचं भाडं अजून द्यायचं होतं.

"ठेव ती. नाहीतर गोणी उशाला घेऊन फुटपाथवर झोपशील."

"तुम्हाला जमतो? एकट्यापुरता?"

"साठावरून दोघांवर आलेय. त्याखाली हात जात नाही."

"मग उरलेला?"

"सकाळी खाते. रागाने."

गोणी उतरवत तो हळूच म्हणाला, "शिळा व्हायच्या आत बोलावलंत तर... तुमचा राग वाचेल."

टायरच्या दुकानातून काळे हात घासून तो रोज येऊ लागला, भाजी घेऊन. दोघांची भाडी वेळेवर जाऊ लागली. जेवणाआधी तो वाटीवर चमचा वाजवायचा — बालगृहातली घंटा — आणि आम्ही दोघंच रांगेत उभे राहायचो.

"मागच्याने ढकलायचं नाही," मी म्हणायचे.

"ढकलत नाहीये," तो म्हणायचा... आणि मागे काही सरकायचा नाही.

एकदा त्याने मला त्याच्या खोलीवर नेऊन पातेल्याचं झाकण उघडलं. आत भात. नेमका एका माणसाचा.

मी झाकण परत ठेवलं. "जमलं की तुला. आता यायला नको."

"जमलं," तो पातेल्याकडे बघत म्हणाला. "पण करमलं नाही. तू — कायमचाच दोघांचा लावशील?"

तेव्हा मी ते म्हटलं, जे तुम्ही वाचलेलं नाही.

आता खोली एकच आहे, भाडंही एकच. तरी जेवताना कधी साठ ताटांचा खडखडाट आठवतो आणि दोघांनाही त्या पंगतीत परत बसावंसं वाटतं. सबब, दोन्ही बालगृहांच्या मा. अधीक्षकांस नम्र विनंती, की आम्हां उभयतांस दर रविवारी जेवणाच्या वेळेपुरते वय वर्षे सतरा मंजूर करण्यात यावे. तांदूळ आम्ही आणू.