कणकेचा माणूस

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा ही गोष्ट सुरू झाली. ती सांगणारे मोतीलाल नाना वेळ सांगायला चुकत नाहीत. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला त्यांचा. त्यांनी ती सांगितली त्या रात्री एरंडोलला त्यांच्या ओट्यावर पोरं जमली होती, लाइट गेलेली होती, आणि मृणालीच्या हातात उद्या शाळेत न्यायचा कणकेचा भुताचा बाहुला होता. नानांनी त्याच्यावर बॅटरी मारली.

"याला नाव ठेवलं का गं?"

"नाही, नाना."

"ठेवू नको. का ते सांगतो."

"नाना, फेकायची नाही हं," तौसिफ म्हणाला.

"फेकायला काय क्रिकेट खेळतोय का मी? आपल्याच गल्लीतली गोष्ट आहे. चौथं घर. कुलूप आहे ना, तेच."

मग कोणी हसलं नाही.

तारीख तीस ऑक्टोबर, साल २०२३, वार सोमवार. त्या वर्षी कोजागिरीला ग्रहण आलं होतं, गल्लीत कोणी दूध आटवलं नव्हतं. त्याच्या दोन दिवसांनंतरची ही रात्र. चौथ्या घरातली सारिका सात वाजून दहा मिनिटांनी रमजानचाचांच्या दुकानात बदाम आणायला गेली. तिची पुनम पहिलीत होती. शाळेच्या मॅडमनी मोबाइलवर फोटो टाकले होते. उद्या हॅलोविन, आई आणि मुलांनी मिळून भीती वाटेल असा खाऊ करायचा आणि डब्यात आणायचा. हॅलोविन म्हणजे काय ते सारिकाला ठाऊक नव्हतं. तिनं तो मेसेज चारदा वाचला. सगळ्यांचे डबे उघडतील आणि आपल्या पोरीचाच रिकामा राहील, एवढं मात्र तिला कळलं.

"भाभी, बदाम? शिरा करता का?"

"नाही चाचा. बोटं करायची आहेत. त्यांना बदामाची नखं."

"या अल्ला! आम्ही भुताची भीती घालून पोरांना जेवू घालायचो. तुम्ही भूतच खाऊ घालायला निघाल्या!"

सारिका हसली. चाचांच्या हातातला तराजू थांबला. तेरा महिन्यांत तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

तिचा नवरा नीलेश केळीची पिकअप चालवायचा. आदल्या वर्षीच्या भादव्यात गिरणेला पाणी आलं आणि फरशी पुलावरून गाडी वाहून गेली. सकाळी गाडी सापडली. केळीचे घड बाभळीत अडकलेले सापडले. नीलेश सापडला नाही. त्याची आई कुंदाबाई बाराव्या दिवशी म्हणाली, "अंग मिळालं नाही तर कणकेचा माणूस करतात, पोरी. त्याला नावानं हाक मारायची. पोटच्या पोराच्या हातून अग्नी द्यायचा. पाण्याचा घडा फोडायचा. मग त्याची वाट मोकळी होते."

सारिका म्हणाली होती, "जिवंत माणसाला मी जाळू देणार नाही."

बस. तेव्हापासून रोज रात्री त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. कपाळावरचं कुंकू एक दिवस चुकलं नाही. लोक आधी समजूत घालायचे, मग बोलेनासे झाले. कुंदाबाईही गप्प झाली. एका माणसाची वाट पाहण्यावर ते घर उभं होतं.

फोटोत केळ्यांची भुतंसुद्धा होती, पांढरी, चॉकलेटचे डोळे लावलेली. पण त्या घरात तेरा महिने केळं आलं नव्हतं. म्हणून सारिकानं गुळाच्या पाण्यात कणीक मळली. आधी बोटं केली. पुनम एकेक बदाम चिकटवत होती.

"हे कोणाचं बोट, आई?"

"मॅडमचं. बघ किती लांब आहे, फळ्यावर पोचेल."

"आणि हे आजीचं. वाकडं!"

"हळू बोल, आजी उठेल."

कुंदाबाई मागच्या खोलीत पडली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसेनासं झालं होतं.

मग पुनम म्हणाली, "आता पट्ट्यांचा माणूस. फोटोत आहे तसा." मायलेकींनी वीतभर माणूस केला. त्याच्या अंगावर कणकेच्या बारीक पट्ट्या गुंडाळल्या. डोळ्यांना दोन लवंगा लावल्या. सारिका कढईत मीठ तापवायला वळली, कारण घरात ओव्हन कुठला, मिठातच भाजायचं. परत वळून पाहते तर पुनमनं त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी तोडलेली.

नीलेशची डावी करंगळी तशीच होती, गाडीच्या मागच्या फाळक्यात सापडून अर्धी गेलेली. तो गेला तेव्हा पुनम पाच वर्षांची.

"तुला कोणी सांगितलं गं?"

"माझं बोट धरायचे ना ते. मला माहितीये." पोरीनं माणसाला तळहातावर घेतलं. "पप्पा. पप्पा, आता गरम लागेल हं. रडायचं नाही."

पोर हसत होती. इतक्या दिवसांनी बापाचं नाव घेऊन हसत होती. हसू दे, सारिका मनात म्हणाली. पुनमनं हट्ट केला, गॅस मीच पेटवणार. सारिकानं तिच्या हातावर हात ठेवला. लायटर वाजला. जाळ लागला. माणूस मिठात ठेवला आणि वर झाकण घातलं.

सात वाजून बावन्न मिनिटं.

मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"सारे… मी."

तिला सारे म्हणणारं एकच माणूस होतं.

"अहो…" ती भिंतीला धरून खाली बसली. "अहो, कुठं आहात? कुठं होता इतके दिवस?"

"सांगतो. फाट्यावर उतरलोय. पायी येतो. पुनी जागी आहे ना? झोपवू नको तिला."

"नाही झोपवत. या. तुम्ही या फक्त."

मागून रस्त्याचा आवाज येत होता. चपला घासत चालण्याचा. तोच आवाज. सारिकानं पुनमला जवळ ओढलं, तिच्या केसांवर तोंड दाबलं, आणि रडता रडता हसायला लागली. तेरा महिने जग खोटं बोलत होतं. ती एकटी खरी होती.

"सारे…"

"हां, बोला."

"इथं इतकं गरम का होतंय गं…"

फोन बंद झाला. तिनं परत लावला. लागला नाही.

मागच्या खोलीतून काठीचा आवाज आला. कुंदाबाई भिंत धरत स्वयंपाकघरात आली होती. तिला दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं.

"काय भाजी ऱ्हायनी व?" तिनं विचारलं. काय भाजतेयस गं?

"आजी, मी माणूस केला," पुनम म्हणाली. "पप्पा केला. मीच पेटवलं."

कुंदाबाई उभी राहिली. काठी पडली.

"हाऊ मना नीलेश शे," ती म्हणाली. हा माझा नीलेश आहे. आणि तिनं तोंडावर पदर दाबला.

तेव्हा सारिकाला कळलं. कणकेचा माणूस. नावानं हाक. पोटच्या पोराच्या हातचा अग्नी.

दारावर थाप पडली.

एक.

ओल्या हाताची असते तशी. जड.

"आई, पप्पा आले!"

दार दहा पावलांवर. गॅस चार पावलांवर. सारिका गॅसकडे धावली. बटण फिरवलं. जाळ गेला नाही. पुन्हा फिरवलं. झाकण थडथडत होतं. आतून. तिनं उघड्या हातानं झाकण फेकलं. माणूस काळा पडत होता. पट्ट्या सुटत होत्या.

दारावर दुसरी थाप. हलकी.

"सारे…"

"आले! आले, थांबा!"

पाणी. तिनं कोपऱ्यातला माठ उचलला. दोन्ही हातांनी. भाजलेली कातडी मातीला चिकटली. ओली. हात सुटले.

माठ फुटला.

जाळ आपोआप विझला.

मग काहीच नाही. झाकण नाही. थाप नाही. गल्लीतलं कुत्रंसुद्धा नाही…

कुंदाबाई खाली बसली होती. खापऱ्या चाचपत होती. "बठ्ठं व्हई गयं, पोरी," ती म्हणाली. सगळं झालं.

सारिकानं दार उघडलं. आठ वाजून तीन मिनिटं झाली होती. मोतीलाल नाना तिचा आवाज ऐकून बाहेर आलेच होते. गल्लीत कोणी नव्हतं. ती अनवाणी फाट्यापर्यंत पळत गेली, नाना बॅटरी घेऊन मागे. फाट्यावर पानटपरीवाला म्हणाला, तासाभरात इथं एकही गाडी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी पुनमचा डबा गेला नाही. त्या रात्री सारिकानं ताट वाढलं नाही, आणि नंतरही कधी नाही. महिन्यानं ती पोरीला आणि सासूला घेऊन पिंपळनेरला माहेरी गेली. निघताना नानांना एवढंच म्हणाली, "नाना, मी आधी दार उघडायला पाहिजे होतं."

तौसिफनं चौथ्या घराकडे पाहायचं टाळलं.

"त्या दाराला मी स्वतः दोनदा रंग दिला," नाना म्हणाले. "बाहेरच्या बाजूनं, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर हाताचा ठसा आहे. नदीच्या गाळाचा. पाऊस जाऊन तेव्हा महिना झाला होता. रंग वाळतो आणि ठसा वर येतो. डावा हात. करंगळी अर्धी."

त्यांनी बॅटरी विझवली. अंधारात मृणालीनं बाहुला दोन्ही तळव्यांत धरला आणि दाबून दाबून त्याचा साधा गोळा केला. त्याच्या डोळ्यांच्या लवंगा खाली पडल्या, त्याही कोणी उचलल्या नाहीत.

"खाऊ करा," नाना म्हणाले. "बोटं करा, डोळे करा, पोरांना हसू द्या. पण कणकेच्या माणसाला घरातल्या कोणाचं नाव देऊ नका. ज्याची वाट बघता त्याचं तर नाहीच. घरी जाल तेव्हा आयांना सांगा. आणि त्यांना म्हणा, ज्या घरात लहान पोर आहे तिथं पुढे सांगा."