कौलांवर पत्र्याचा पाऊस

"ताई, या गेममधला पाऊस खोटा आहे."

डिस्कची डबी काउंटरवर ठेवत एक उंच, किडकिडीत मुलगा मला सांगत होता. बाहेर नुकतीच भुरभुर पडून गेली होती आणि त्याच्या चष्म्यावर दोन-चार थेंब तसेच होते. मी मान वर करून पाहिलं आणि मनात पहिलं काय आलं असेल, तर — ताई कुणाला म्हणतोस रे?

"गेममधलं सगळंच खोटं असतं," मी म्हटलं.

"तसं नाही हो. घराला कौलं आहेत आणि पाऊस वाजतो पत्र्यावर पडल्यासारखा. ताड ताड ताड! कौलांवरचा पाऊस कसा... जरा दबून बोलतो."

"बरं. मग डिस्क बदलून हवीय का?"

"छे! फक्त कुणाला तरी सांगायचं होतं. घरी सांगितलं तर म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय."

आतल्या खोलीतून मामाचा खणखणीत आवाज आला, "परीक्षक आले का? अगं, त्यांना स्टूल दे. निकाल लागल्याशिवाय ते जात नाहीत."

तर असा तो मला भेटला.

दुकान मामाचं. तेव्हा गेम डिस्कवर यायचे, आणि सगळे काही विकत घेणं परवडत नसल्यामुळे लोक आठवडाभरासाठी न्यायचे, खेळायचे, परत आणून द्यायचे. मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी कापडावरच्या नक्षीकामाचं शिक्षण संपवून नोकरीच्या बोलावण्याची वाट पाहत घरी बसले होते. आई म्हणाली, "रिकामी बसण्यापेक्षा मामाच्या गल्ल्यावर बस." म्हणून बसले. गेममधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

परीक्षक हे नाव मामानंच ठेवलेलं. हा मुलगा रेडिओ केंद्रात कामाला होता. नाटकांना आवाज पुरवणं हे त्याचं काम. करवंट्या आपटून घोडा पळवायचा, सेलोफेनचा कागद चुरगाळून शेकोटी पेटवायची. त्यामुळे गेम हातात घेतला की त्याचे कान आधी खेळायचे, बोटं नंतर. आणि डिस्क परत करायला आला की मत सांगितल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचा नाही.

"गाड्यांची शर्यत कशी वाटली?" मी पुढच्या खेपेला मुद्दामच विचारलं.

"इंजिनं फार गुळगुळीत. गाडीला जरा खोकला पाहिजे. पण आपण हरलो की तो समालोचक इतक्या मायेनं बोलतो... मी शेवटी मुद्दाम हरत होतो."

"आणि तो भुतांचा?"

"परत घ्या, लगेच घ्या! त्यातलं दार अगदी आमच्या कपाटासारखं करकरतं. आता मला रोज सकाळी शर्ट काढताना आईला हाक मारावी लागते."

मी हसले. खरं तर मला हसायचं नव्हतं. पण तो असा काकुळतीला येऊन सांगायचा की ओठ आवरता यायचे नाहीत. आणि मी हसले की तो चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागायचा... चष्मा स्वच्छ असला तरीही.

मग मला चैन पडेना. हा येतो, पांडित्य दाखवून जातो, आणि आपण नुसतं ऐकायचं? दुपारी मामा आत झोपला की मी दुकानातल्या टीव्हीवर खेळायला लागले. मामाची झोपमोड नको म्हणून आवाज बंद ठेवून. सुरुवातीला माझा शूर सरदार दर पावलाला भिंतीवर जाऊन धडकायचा. पण हळूहळू हात बसला, आणि माझीही मतं तयार झाली.

"तुमचा तो सरदाराचा गेम पाहिला मी," एकदा मी ऐटीत सांगितलं. "त्याच्या अंगरख्याची नक्षी शिवणीवर जुळत नाही. डाव्या खांद्यावरचा अर्धा मोर उजव्या बाजूला पोपट होतो."

तो बघतच राहिला. "मी तो गेम दोनदा खेळलो. मला मोर दिसलाच नाही!"

"आणि संध्याकाळचं आभाळ किती सुंदर केलंय. आधी जांभळं, मग कडेकडेनं विस्तवासारखं."

"तेव्हा लांबून एक बाई गुणगुणते, ते ऐकलंत?"

"मी आवाज बंद करून खेळते."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी डोळे मिटून सिनेमा बघते म्हणून सांगितलं होतं. "आवाज बंद करून! ताई, अहो —"

"आधी ते ताई बंद करा," मी म्हटलं.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग हळूच म्हणाला, "आनंदानं."

आतून मामा जोरात खोकला. ऑपरेशन गुडघ्याचं झालं होतं, घशाचं नव्हे.

त्यानंतर तो डिस्क द्यायला यायचा आणि नवी न घेता तासभर थांबायचा. एका मरगळलेल्या दुपारी त्यानं फळीवरचा दोघांनी मिळून खेळायचा एक गेम काढला. दोन गिर्यारोहक, एकमेकांना दोरानं बांधलेले. एक घसरला की दुसराही ओढला जातो. मामा व्यायामाला दवाखान्यात गेला होता, त्यामुळे मी पहिल्यांदाच आवाज चालू केला. दुकानभर वारा सुटला. बर्फ पायाखाली कुरकुरायला लागला. दोराचा पीळ ताणला की चर्र व्हायचं आणि मी नकळत मागे सरकायची.

"हे सगळं रोज इथे होतं?" मी विचारलं.

"रोज होतं. तुम्ही दार लावून बसला होतात."

आम्ही पुन्हा पुन्हा पडत होतो, आणि दर वेळी त्याच्यामुळे.

"अहो, पाऊल बघून टाका! लक्ष कुठे आहे तुमचं?"

"बघतोय ना."

"स्क्रीनवर बघा, स्क्रीनवर!"

"...तिथे काय आहे बघण्यासारखं?"

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझाही पाय घसरला असता. समोर दोन चिमुकली माणसं दोराला लोंबकळत होती, वारा घोंघावत होता, आणि माझ्या हातातलं ते कंट्रोलर नावाचं यंत्र घामानं ओलं झालं होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं पिशवीतून एक डिस्क काढली. "हा खेळून बघा. नवीन आहे. आणि मत मात्र खरं सांगायचं. अगदी खरं."

गेम साधासा होता. एक म्हातारा हरवलेली शेळी शोधत डोंगरभर फिरतो, बस. मी तो दोन दुपारी खेळले, आवाजासकट. तो आला तेव्हा मी स्टूल पुढे केलं आणि परीक्षकालाच निकाल ऐकवला. आता मी तयार झाले होते ना!

"शेळी सापडेल असंच वाटेना! इतके आवाज आहेत. वारा, पानं, झरा, पाखरं, घंटा, शिवाय म्हाताऱ्याची काठी. भर बाजारात शेळी शोधतोय असं वाटतं. कुणी केलंय हो हे? जवळ होतं ते सगळं ओतलंय नुसतं."

तो चष्मा पुसत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "असं होय... बरं." डिस्क उचलली आणि गेला. स्टुलावर बसलासुद्धा नाही.

तो आठवडा गेला. पुढचाही गेला. दारावरची घंटी वाजली की मी मान वर करायची, आणि कुणीतरी भलतंच आत यायचं. इकडे कापड गिरणीतून बोलावणं आलं. नोकरी मिळाली होती, पण दुसऱ्या गावी, आणि येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. घरात आनंदीआनंद. मी मात्र काउंटरवर बसून डब्यांवरची धूळ पुसत होते.

शेवटी मामाच काठी टेकत बाहेर आला. "परीक्षक नापास झाले वाटतं?"

"मला काय माहीत! तुझं गिऱ्हाईक आहे."

"अगं वेडे, ती शेळीची डिस्क आपल्या दुकानातली होती का? त्यावर आपला शिक्का तरी होता? तो गेम त्यानं केलाय. तो आणि त्याचे दोन मित्र, वर्षभर खपून. आवाज सगळे त्याचे. मला म्हणाला होता, मामा, तिला सांगू नका, नाहीतर ती गोड बोलेल."

मी हातातलं फडकं खाली टाकलं. "आणि तू मला आता सांगतोयस?"

"शब्द दिला होता. आता तू चाललीस, म्हणून मोडला. जा, मी बसतो गल्ल्यावर. पाय दुखतोय, जीभ नाही दुखत."

रेडिओ केंद्राच्या लांबलचक व्हरांड्यात प्रत्येक दार सारखंच होतं. शेवटच्या दाराआड तो सापडला. गादीसारख्या भिंतींची खोली, जमिनीवर खडी भरलेली लाकडी पेटी, खुंटीवर चपलांचे जोड. मला बघून तो ताडकन उभा राहिला आणि डोक्यावर टांगलेल्या माइकला आपटला.

"मी गोड बोलायला आलेले नाही," मी दारातूनच सांगून टाकलं. धीर गोळा करून आले होते, तो सांडायच्या आत बोलायला हवं होतं. "मत तेच आहे. पण अर्धंच सांगितलं होतं. म्हातारा दमून बसतो आणि शेळीला हाक मारतो ना... तिथे त्याचा आवाज जरासा फाटतो. तिथे मी बटण दाबायचं विसरले. किती तरी वेळ. हे सांगायचं राहिलं."

त्यानं हलणारा माइक हातानं थांबवला. मग म्हणाला, "ती हाक माझी आहे."

"कुणाला मारली होती?"

"तेव्हा? शेळीलाच." तो हसला. हसला, आणि माझ्या जिवात जीव आला. "रागावलो नव्हतो हो. सगळे म्हणाले, मस्त झालाय. तुम्ही एकट्याच खरं बोललात. घरी जाऊन पुन्हा ऐकला... खरंच बाजार होता! तेव्हापासून आवाज काढून टाकतोय एकेक. म्हटलं, नीट झाला की मगच तोंड दाखवावं."

"मी सोमवारी जातेय. गिरणीत नोकरी लागलीय. दुसऱ्या गावी."

त्याचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. "असं... अभिनंदन. मग — मग जाण्याआधी एक काम कराल? शेवटी म्हाताऱ्याची मुलगी अंगणातून चालत येते. तिची पावलं राहिलीत. माझी वाजवली तर हत्ती आल्यासारखा वाटतो."

त्यानं खुंटीवरचा लाकडी टाचांचा एक जोड दिला. मी पेटीत उभी राहिले आणि चालायला लागले. जागच्या जागी. चर्र, चर्र. तो कानांना हेडफोन लावून डोळे मिटून बसला होता.

"जरा सावकाश... हं. पुन्हा एकदा."

मी पुन्हा चालले.

"आता घाई असल्यासारखं. आता घर दिसलंय असं. आता... पुन्हा पहिल्यासारखं."

पाय भरून आले. पेटीतली खडी कोपऱ्यात सरकली. मी सहज त्याच्या समोरच्या यंत्राकडे पाहिलं. त्यावरचा लाल दिवा लागलेला नव्हता.

"अहो, हे चालू आहे ना?"

त्यानं डोळे उघडले. "नाही. मघाशीच बंद केलं. पहिल्या खेपेलाच छान मिळालं होतं."

"मग मला कशाला चालवताय?"

"थांबलात की जाते म्हणाल..." त्याचा आवाज जरासा फाटला. "म्हणून."

त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. माझ्याच छातीतलं तेवढं येत होतं, आणि मला वाटलं, याला नक्की ऐकू जात असणार, याचे कान तसे आहेत. मी जोड काढला, पेटीबाहेर आले आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"गिरणीला रविवारी सुट्टी असते," मी म्हटलं.

"बसनं किती वेळ लागतो?"

"सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला पोचतं माणूस."

"मग रविवारी जेवायला येतो."

"दर रविवारी?"

"आधी पहिला तर येऊ दे. मग तुम्ही मत सांगा."

तो आला. पुढच्याही रविवारी आला, आणि त्याच्या पुढच्याही. त्या वर्षभरात बसच्या कंडक्टरशी त्याची इतकी गट्टी जमली की कंडक्टर आमच्या लग्नालाही आला.

शेळीचा गेम फार कुणी खेळलं नाही. ज्यांनी खेळला त्यांतल्या एकानं कळवलं होतं की मुलीची पावलं फार खरी वाटतात. मामानंही मग दुकान आवरलं. डिस्का गेल्या, परत करायला येणं गेलं, आणि काउंटरवर कोपर टेकून मत सांगणंही गेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या रस्त्यानं जाताना मी दरवेळी जरा रेंगाळते.

आता त्याला माझ्यापर्यंत यायला बस लागत नाही. जेवायला बोलवायचं तर शेजारच्या खोलीकडे तोंड करून एक हाक पुरे — आणि तरी तो एका हाकेत येईल तर शपथ. आतून आवाज येतो, "आलो, आलो! पण आधी तू इकडे ये. यातला समुद्र ऐक एकदा."

वरण गार होतं. मी जाते.