कावळ्या, हाडाचा दात घे

हसायचं नाही असं ठरवूनच इलिंका आली होती. ब्राइला शहरातल्या त्या आठमजली इमारतीच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना, बाहेर लिंडनच्या झाडांना मोहोर आलेला, आणि ही मे महिन्यात गळ्यातला रुमाल नाकापर्यंत ओढून बसलेली. नेमका शेजारी येऊन बसला तो... मांडीवर जॅमची बरणी, बरणीत पाणी, पाण्यात अख्खी कवळी.

तिने पाहिलं. तिने पाहिलं हे त्याने पाहिलं.

"माझी नाही," तो म्हणाला. "आजीची. मधोमध चीर गेलीय. अक्रोड फोडत होती."

"कवळीने?"

"हातोडी सापडेना म्हणे."

इलिंकाला खुदकन हसू फुटलं, आणि रुमाल होता तरी उजवा हात झटकन तोंडावर गेला. वर्षभराची सवय.

"हसताना झाकतेस का गं?"

"सर्दी झालीय."

"मग नाक झाक की."

त्याचं नाव कोस्मिन. नाव कळतंय तोवर कवळी दुरुस्तीला आत गेली आणि इलिंकाला हाक आली.

दार नीट लागलं नव्हतं. डॉक्टरबाईंचा आवाज असा, की बाहेरचे सगळे ऐकतायत. "एवढी देखणी पोर, आणि तोंडाची ही दशा? दोन वेळा ब्रश फिरवायला काय होतं गं? आळस, दुसरं काय."

इलिंका खुर्चीतून उठली आणि चालू पडली. दात तसाच ठणकत.

बाहेरच्या बाकावर कोस्मिन मागोमाग आला, सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेऊन.  नखांनी एकेक बी सोलायचा आणि आतला दाणा तिच्या तळहातावर ठेवायचा... सोलायचा, ठेवायचा.

"आळस नव्हता," ती शेवटी म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात मी पलंगावरून उठतच नव्हते. आई म्हणायची, नखरे. अरे, बेसिनपर्यंत जायचं म्हणजे डोंगर चढायचा. ब्रश हातात धरून उभी राहायचे आणि तशीच परत यायचे. झोपेत दात इतके करकरा चावायचे, की सकाळी जबडा उघडेना. आता औषधं चालू आहेत, बरी आहे मी... तर त्या औषधांनी तोंडाला कोरड. मन सावरलं रे, दात मागे राहिले."

"मग हे आत सांग ना."

"तू सांग."

"दात तुझा. मी फक्त कवळीचा वकील."

"आणि त्या परत ओरडल्या तर?"

"तर तूही ओरड. मी आहे बाहेर."

तिला राग आला. आधी त्याचा, मग डॉक्टरबाईंचा, मग गळ्यातल्या त्या रुमालाचा. तिने तो ओढून काढला, त्याच्या मांडीवर फेकला आणि थेट आत शिरली.

"बसते मी," ती म्हणाली. "पण आधी ऐका. मी आळशी नाही. आजारी होते, मनाने. तेव्हा ब्रश उचलवत नव्हता. आता गोळ्या घेते, त्याने तोंड कोरडं पडतं. हे धरून दात बघणार असाल तर बघा."

"हे आधी सांगायचं ना पोरी."

"आधी विचारायचं ना बाई."

बाहेर कुणीतरी खोकलं. डॉक्टरबाई लाल झाल्या. मग स्वतः उठून त्यांनी दार लावलं, घट्ट. "चुकलं माझं," त्या हळू म्हणाल्या. "कुठल्या गोळ्या, सांग."

सुळ्याशेजारचा तो दात वाचण्यातला नव्हता. बाकीचे वाचतील म्हणाल्या. पाण्याचे घोट घेत राहा, झोपेत दातावर दात घासू नयेत म्हणून रात्री लावायला पट्टी बनवून देते, आणि पुन्हा कधी जमेनासं झालं तर तशीच ये, लपवू नको.

ती बाहेर आली ती गालात कापूस, मुठीत कागदात गुंडाळलेला दात. कोस्मिन बाकावरच. बरणीत नीट झालेली कवळी.

"गेला नाहीस?" ओठ बधिर, शब्द बोबडे.

"आजीला सूप चालतं. हा दात कावळ्यासाठी छपरावर टाकायचा ना, लहानपणी टाकायचो तसा?"

"चोवीस वर्षांची आहे मी."

"कावळ्याला काय कळतंय."

इमारतीमागे पत्र्याच्या गॅरेजांची रांग. समोर बायकांचा अड्डा, बिया सोलत बसलेला. इलिंकाने सगळ्यांदेखत हात मागे नेला. "कावळ्या कावळ्या, हाडाचा दात घे... लोखंडाचा दे." पत्र्यावर टण्णकन वाजलं.

"कवळी तू आत होतीस तेव्हाच मिळाली होती," कोस्मिन पत्र्याकडेच बघत म्हणाला. "मी तुझ्यासाठी थांबलो. आवडलीस मला... रुमालासकट. आता रुमालाशिवाय जरा जास्तच."

"आणि परत तसा हिवाळा आला तर? मी लाजणार नाहीये, आत्ताच सांगते. लपवणारही नाही."

"तर मी बेसिनपाशी तुझ्या शेजारी उभा राहीन. तू नाही घासलेस तर माझे घासेन."

"म्हणजे रोज येणार?"

"तू बोलावलंस तर."

तिने उजवा हात त्याच्या हातात दिला.

"ए इलिंका," शेजारची वेतुरिया मावशी बायकांच्या अड्ड्यावरून ओरडली, "या वयात दात पडला की काय गं? बघू तरी."

इलिंका वळली आणि हसली, अख्खी, खिंडारासकट. उजवा हात गुंतलेला होता. डावा मोकळा होता. तो तिने वर नेलाच नाही.