तुम्हाला काय वाटतं?

चार वर्षांच्या गोदूच्या हातात सुरी होती. खरीखुरी, धारेची. आणि पुढ्यात काकडी.

मी बालवाडीच्या दारात एक चप्पल पायात, एक हातात अशी उभी होते. सकाळी तिला दारापर्यंत सोडून गेले आणि डबा द्यायला परत आले, तर हे! तोंडातून जो आवाज निघाला तो आमच्या अख्ख्या मांजर्ली वस्तीने ऐकला असणार.

"गोदूऽऽ! टाक ते आधी!"

गोदूनं मान वर केली नाही. सुरी खाली, चकती बाजूला, परत सुरी खाली. मान वर केली ती कोपऱ्यात मांडी घालून बसलेल्या एका उंच, दाढीवाल्या माणसानं. दोन्ही हात पाठीमागे, जणू कुणी बांधून ठेवलेत.

"तुम्ही गोदूच्या कोण?" आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"आत्या! आणि तुम्ही कोण, शिपाई? बघत काय बसलाय, सुरी काढून घ्या तिच्या हातातली!"

"मी ताई आहे."

मी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. दाढी. मिशी. परत दाढी.

"काय आहात?"

"बालवाडीत ताईच असते, हे मुलांना घरूनच पक्कं माहीत असतं. मग मलाही ताईच म्हणतात. मी कशाला खोडून काढू?" तो हसला. "नाव श्रीपाद. बसा ना. फक्त... बोलू नका."

बसायला जी खुर्ची होती ती माझ्या गुडघ्याएवढी. बसले. काय करणार?

"कापलं म्हणजे?" मी कुजबुजले.

"तिथल्या त्या शौनकला कापलं होतं मागे. रडला, पट्टी लावली, आणि आता बोटं आत दुमडून धरतो. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती जास्त निसटते."

एवढ्यात गोदू ताटली घेऊन त्याच्यासमोर उभी. "ताई, छान कापली?"

मी तोंड उघडलं होतं. अगं बाई, किती छान, असं म्हणायला. त्यानं नुसती ताटली बघितली. "तुला काय वाटतं?"

गोदूनं विचार केला. चार वर्षांचं पोर, कपाळाला आठी! "ही जाड झाली," म्हणाली, आणि परत पाटाकडे गेली.

मला दुसरा धक्का बसला तो हा. आमच्या घरात 'तुला काय कळतं' एवढंच विचारतात. सव्वीस वर्षांत 'तुला काय वाटतं' म्हणून कुणी विचारल्याचं मला आठवेना.

मी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, लालचंद शेठच्या कापडाच्या पेढीवर हिशेब बघते. त्यामुळे खोडच लागलीय. माणूस समोर आला की जमेला काय, नावे काय, हे मनात पडतंच. श्रीपादच्या नावे: दाढी, गोगलगायीचा वेग, आणि पावसाळ्यात नदी आत येते म्हणून कुणी घेत नाही तो तळमजला घेण्याइतकं शहाणपण. जमेला... जमेला ते पाठीमागचे हात. एवढे मोठे हात, आणि कुठेच लुडबूड नाही.

बाजाराच्या सुट्टीला गोदूला सोडायचं काम मी वहिनीकडून मागून घेतलं. वहिनी अशी काही हसली, की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

"आज पण तुम्हीच? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"तिला काय धाड भरलीय! गोदूची बोटं दहाच्या दहा आहेत का, ते बघायला आले."

"आणि माझी?"

"तुमची कोण मोजतंय, ताई?"

तो लाजायचा. दाढीतून लाजणं दिसत नाही असं त्याला वाटायचं. कान दिसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्याच्या बुटक्या फळ्यांसमोर बसून राहायचे. एकीवर मूग आणि पळी, दुसरीवर बटणं लावायला-काढायला शिकायचं कापड, तिसरीवर काचेचा तांब्या. हो, काचेचा! आईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "नुसतं खेळायचं होतं तर अंगण काय वाईट होतं? ए बी सी डी कधी येणार पोरीला?"

मी हे त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो चिडला नाही. "सगळं एकदम समोर ओतलं तर मूल गोंधळतं," म्हणाला. "काहीच नाही ठेवलं तर रडतं. थोडंच, नीट, हाताला येईल असं मांडायचं. मग आपण गप्प. ज्याचं त्याला निवडू द्यायचं."

"आणि चुकीचं निवडलं तर?"

"तर ते त्याचं असतं ना."

असं काही तो बोलला की मी जमेच्या बाजूला लिहायचे. ती बाजू फार लांबत चालली होती.

मग आईनं अभिजीतचं स्थळ आणलं. शनिवारी संध्याकाळी बघायला येणार होते, आणि घरातले सगळे 'हो'च धरून बसले होते. मी आदल्या सुट्टीला गेले. मुलं गेली होती, श्रीपाद फळ्या पुसत होता.

"शनिवारी येतायत मला बघायला."

फडकं थांबलं. "कोण... मुलगा?"

"नाही, वाघ!"

"चांगला आहे?"

"अंबरनाथ पूर्वेला स्वतःचं घर. बँकेत आहे. आईला विचारून पाणी पितो. मोठी माणसं हो म्हणायचं म्हणतायत." मी श्वास घेतला. "तुम्ही सांगा. म्हणू हो?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं आता... आता बोलतोय...

"तुम्हाला काय वाटतं?"

सुरी बघून बसला नव्हता इतका धक्का मला त्या तीन शब्दांनी बसला.

"मी काय काकडी कापून आणलीय?" माझा आवाज चढला. "मी गोदू आहे?"

"तसं नाही, तेजस्वी... निवड तुमची आहे. मी मध्ये हात घातला तर–"

"कशातून निवडू? फळीवर एक अभिजीत ठेवलाय, तोही आईनं. दुसरं कुणी काही मांडलंच नाही! रिकाम्या फळीपुढे उभं करून 'निवड हं' म्हणायचं... मुलांशी वागाल असं?"

फडकं त्याच्या हातात तसंच. मी निघाले. जिना नव्हता म्हणून बरं, नाहीतर पडले असते.

शनिवारी मी अर्ध्या दिवसासाठी पेढीवर गेले. घरी बसून तोंडाला हळद-बेसन लावून घेण्यापेक्षा ते बरं. आकडे चुकत होते. शेठ चष्म्यावरून बघत होते. आणि गल्लीतल्या हातगाड्यांमधून वाट काढत, दोन वेळा चुकीच्या दुकानात शिरून, शेवटी आमच्या पायरीवर जो उभा राहिला तो...

माझं पेन खाली पडलं.

"आओ साईं, आओ! शर्टिंग दिखाऊं?" शेठनी ठाण ओढलं.

"नको... मला यांच्याशी..."

"बेटी, गिऱ्हाईक तेरा है," शेठ म्हणाले, आणि तिथेच ठाण मांडून बसले. हलायचं नावच नाही.

"मी चुकलो," श्रीपाद म्हणाला. हात आज पुढे होते आणि कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "मी म्हटलं, निवड तुमची. ते खरंच आहे. पण त्याच्यामागे लपलो मी. घाबरलो होतो. तुम्ही नाही म्हणालात तर... म्हणून मांडलंच नाही."

"काय मांडलं नाही?"

"मला. एक तळमजला आहे. नदी आत येते. 'खरी नोकरी कधी करणार' असं घरचे अजून विचारतात. सुरी, काकडी, पोरं, हे सुटणार नाही. एवढाच आहे मी. पण मला वाटतं, तुम्ही त्याला नाही म्हणावं. आणि मला... मला तुम्ही खूप आवडता, तेजस्वी."

भर बाजारात! भर दुपारी! खांद्यावर कापडाची गाठ घेतलेला नाथा हमाल ती उतरवायचीच विसरला. समोरच्या दुकानातली बाई पिशवी उघडी ठेवून ऐकत होती.

"ए नाथा, गाठ नीचे रख, कमर जाएगी," शेठ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "और बेटी, तू भी कुछ बोल. बेचारा कब से खडा है."

मी मोबाइल काढला आणि घरी लावला.

"आई, पोहे भिजवलेस?"

"आत्ताच? ते सहाला यायचेत गं. का?"

"भिजव सहालाच. अंबरनाथला मी स्वतः फोन करते, माफी मागते. पाहुणा बदललाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. आईनं गॅस बंद केला नाही, इतकी ती हादरली होती.

"तेजू..." शेवटी आवाज आला. "कोण आहे गं?"

मी पायरीकडे बघितलं. त्याचे कान लालभडक झाले होते आणि तो माझ्याकडेच बघत होता.

"उंच आहे," मी म्हटलं. "थोडे जास्तच भिजव."