बाहेरची फ्लॉपी

आर्वीच्या बसस्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. जुलै २००६ मध्ये एक माणूस तिथं पत्ता विचारायला आला आणि पत्ता विसरून माझ्या कॉम्प्युटरकडेच बघत राहिला.

"विंडोज ९८? अजून?"

"काऊन? चालून राह्यलं ना."

"कंपनीनं याच महिन्यात हात झटकले, बाई. आता व्हायरस शिरायची भोकं कोणी बुजवणार नाई. नवीन घ्या."

"नाई घेणार."

तो भूपेंद्र. वर्ध्याजवळ सिंदी मेघेला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मी बेचाळीसची, एकटी. आईनं जाण्याआधी गायलेली तीनशे गोंडी गाणी मी याच मशीनवर उतरवली होती. ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये ती टाइप केली, ते नव्या विंडोजवर उघडतच नव्हतं. हे ऐकलं, आणि तो खुर्ची ओढून बसला.

"मग आपण हेच सांभाळू."

'आपण' – मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्यानं आधी टेलिफोनची तार काढली. "इंटरनेट बंद. बिमारी तिथूनच येते." मग गाणी दोन सीडींवर उतरवली, एक घरी, एक दुकानात. शेवटी स्वतःच्या हातानं पाटी लिहिली : बाहेरची फ्लॉपी चालणार नाही.

"गिऱ्हाईक पळतील, भूपेंद्रभाऊ."

"पळू द्या. मी येत जाईन ना. पण ते भाऊ नका म्हणू..."

दर मंगळवारी तो मशीन तपासायला यायचा. तपासायला दहा मिनिटं, चहाला तास.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी त्यानं टेबलावर एक फ्लॉपी ठेवली. कान लाल झालेले.

"यात... तुमच्यासाठी पत्र आहे."

मी पाटीकडे बोट केलं.

"पाटी मीच लिहिली ना!"

"म्हणूनच. एक फ्लॉपी, अन् सगळं साफ – तुमीच सांगतलं."

"तपासून आणली, रुखमाबाई. शप्पथ!"

"माझ्या मायची गाणी आहेत यात. तुमच्यासाठीबी नाई."

"मग वाचसान कसं?"

"वाचायचं कायले? तोंड आहे ना तुमाले?"

बाहेर वर्ध्याच्या गाडीनं हॉर्न दिला. ती त्याची गाडी. तो उठला नाही. गाडी गेली, धूळ खाली बसली.

"मले..." तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "मले रोजच मंगळवार पायजे."

मी कपात चहा ओतत राहिले. कप भरून बशीत सांडला, तेव्हा दोघंही हसलो.

तेच मशीन, त्या पाटीसकट, आता आमच्या घरी आहे. तार अजून काढलेलीच, गाणी अजून उघडतात. फ्लॉपी कपाटात आहे. त्या पत्रात काय होतं, असं मी अधूनमधून विचारते. केस पांढरे झाले, तरी तो तितक्याच गंभीरपणे पाटीकडे बोट करतो.