पितळेचा कठडा

सकाळचा चहा झाला, पेपरातल्या श्रद्धांजल्या वाचून झाल्या, की रेणुकादास पूर्वेच्या खिडकीखालच्या टेबलाशी बसत आणि रणगाडा बांधायला घेत. आधी नांदेडला आणि मग लातूरला, एका सरकारी खात्यात त्यांनी नोकरीभर नकाशे काढले होते. नकाशातलं बरंचसं नकाशातच राहिलं, तो भाग वेगळा. पण त्यांची रेघ कधी हलली नाही. निवृत्तीनंतर हाताला काहीतरी बारीक काम हवं म्हणून मुलानं, यज्ञेशनं, बंगळूरहून सुटे भाग जोडायच्या रणगाड्याचा हा डबा पाठवला होता. रणगाडाच हवा होता, कारण अठ्ठेचाळीस साली सोलापूरकडून निजामाच्या मुलखात शिरलेले रणगाडे वडिलांनी चिंचेवर चढून पाहिले होते आणि ते वर्णन रेणुकादासांनी जन्मभर ऐकलं होतं. माप एकास पस्तीस. म्हणजे खऱ्यातलं पस्तीस, ते इथं एक.

प्लास्टिकच्या भागांखाली एक पितळी पत्रा निघाला. कागदासारखा पातळ. जाळ्या, कड्या, हूक, बिजागऱ्या सगळं त्यात आम्लानं कोरून काढलेलं, आणि प्रत्येक भाग केसाएवढ्या दांडीनं चौकटीला धरलेला. पात्यानं दांडी कापायची, चिमट्यानं भाग उचलायचा, कोरलेल्या रेघेवर वाकवायचा. एकदाच. चुकलं म्हणून उलटा वाकवायला गेलं की पितळ त्या रेघेवर मोडतं. चिमट्यातून निसटलेला भाग पुन्हा दिसत नाही. बायकोनं, विमलबाईंनी, एकदा केरातून कुडीचा मोती शोधून काढला होता, पण रणगाड्याचा हूक त्यांनाही कधी सापडला नाही. आणि चिकटवायला सुपरग्लू. तो पाण्याहून पातळ. टेकवला की जाळीच्या गजागजांतून आपला आपण वर चढतो, आणि एकदा धरलं की सोडत नाही. ओढून काढायला गेलं तर पितळ जागेवर राहतं आणि प्लास्टिकची साल निघून येते.

ह्या सगळ्याला लागतो उजेड. तो पूर्वेकडून येई, कारण पूर्वेला वैजनाथचा रिकामा प्लॉट होता. वैजनाथ मुरुडचा. घरची जमीन बरी, सोयाबीन दर वर्षी नवं रडगाणं घेऊन यायचं. मात्र लातूरला डॉक्टर व्हायला येणाऱ्या पोरापोरींचं पीक कधी बुडत नाही, हे त्याच्या वेळेत ध्यानात आलं. त्यानं बापाच्या नावानं 'दगडोबा गर्ल्स हॉस्टेल' उभं केलं. दोन घरांमध्ये जेवढी जागा सोडायची असते तेवढी त्यानं सोडली नाही. वर गॅलरी काढली ती थेट रेणुकादासांच्या खिडकीच्या तोंडावर. टेबलावर भर उन्हाळ्यात विहिरीच्या तळासारखा अंधार झाला.

रेणुकादास भांडायला गेले. मुद्दे क्रमानं मांडत गेले, आणि वैजनाथ खुर्चीत बसून ऐकत राहिला.

"काका, तुमाला उजेड पायजे ना?" तो म्हणाला. "मग तसं सांगायचं. एवढं भाषण कशाला करून राहिलाव?"

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या भिंतीवर, बरोबर खिडकीच्या समोर, क्रिकेटच्या मैदानावर असतो तसला एक फोकस लागला. तो दिवसासुद्धा जळत असे. पांढरा, डोळ्यांत घुसणारा. पोरी हसल्या. गल्ली हसली. विमलबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या, त्या रडायला गेल्या नव्हत्या हे रेणुकादासांना कळलं.

त्यानंतर ते रागावूनच उठत आणि रागावूनच झोपत. गॅलरीत कुणी टॉवेल झटकला तरी ओरडत. हदगावची समीक्षा म्हणून एक काटकुळी मुलगी होती. ती पुस्तक उलट्या बादलीवर उघडं ठेवायची, दोन्ही तळहात कठड्यावर रोवायची आणि पुढं वाकून माणसाची आतडी मोठमोठ्यानं पाठ करायची.

"ए मुली, आत जा," रेणुकादास ओरडायचे. "तुझी आतडी आम्ही किती दिवस ऐकायची?"

पहिल्यांदा ती दचकली. पुढं पुढं तिनं ऐकूच येत नसल्यासारखं केलं. सगळ्याच पोरींनी केलं. म्हातारा ओरडतोच, असं त्यांचं ठरलं.

रणगाडा संपत आला. पत्र्यावरचे भाग एकेक करून निघाले, आणि मग रेणुकादासांच्या लक्षात आलं की कोपऱ्यात दोन भाग उरले आहेत. त्यांना नंबर नव्हते. रणगाड्यावर त्यांना जागाही नव्हती. त्यांनी यज्ञेशला फोन लावला.

"पितळ?" यज्ञेश म्हणाला. "बाबा, मी पितळ मागवलंच नव्हतं. नुसता प्लास्टिकचा डबा होता तो."

"मग आलं कुठून?"

"भरताना चुकून पडलं असेल हो. तुम्ही कशाला एवढं मनावर घेता?"

रेणुकादासांनी भिंग लावलं. पहिला भाग म्हणजे एक वाटोळी तबकडी आणि तिला मागून धरणारी पट्टी. रणगाड्याचा दिवा असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पात्यानं दांडी कापली, चिमट्यानं उचलला, तेवढ्यात समोरच्या पांढऱ्या उजेडानं डोळे दिपले आणि भाग टिक् करून निसटला. तो कुठं गेला हे पाहायला त्यांनी मान खाली घातली तर टेबलाखाली अंधार.

अंधार का, हे कळायला थोडा वेळ गेला. त्यांनी वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर फोकस नव्हता.

खिळ्याचं भोक नव्हतं. वायरीचा तुकडा नव्हता. भिंतीचा रंग सलग होता, तिथं कधी काही ठोकलंच नव्हतं इतका सलग.

वैजनाथ आला तो चपला न काढता आला.

"काका, फोकस काढा बाहेर."

"मी कशाला घेऊ तुझा फोकस?"

"न्हाई घेतला? मग काय पाखरानं नेला?" वैजनाथनं टेबलावरचा रणगाडा उचलला, उलटा करून पाहिला आणि धाडकन ठेवला. एक चाक निखळून घरंगळलं. "पेन्शन खाऊन राहिले, एसीत नोकरी झाली, अन् म्हातारपणी दिवे चोरता. काकू, जरा लक्ष ठेवत जा यांच्याकडं. खेळण्यासंग खेळू द्या, पर गल्लीत सोडू नका."

दारात चार शेजारी उभे होते. विमलबाई ह्या वेळी हसल्या नाहीत.

तो गेल्यावर रेणुकादास पुन्हा टेबलाशी बसले. त्यांनी पत्रा पुढ्यात ओढला. उरलेला भाग म्हणजे एक कठडा होता. उभे गज, वर चपटी पट्टी, मधोमध एक कलश. वैजनाथच्या वेल्डिंगवाल्यानं गॅलरीच्या कठड्यातला कलश डावीकडं कलता बसवला होता, आणि नकाशे काढलेल्या डोळ्यांना तो रोज खुपायचा. हा पितळेतला कलशही डावीकडं कलला होता. गजांच्या पायथ्याशी वाकवण्याची रेघ कोरलेली होती.

त्या घटकेला त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे त्यांनी पुढं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्यांनी दांड्या कापल्या. भाग पकडीत धरला. आणि वाकवला. बाहेरच्या बाजूला.

समोरून पोरींचा गलका आला.

गॅलरीचा कठडा दोन घरांमधल्या बोळावर झुकला होता. पडला नव्हता. कुणीतरी उंबऱ्यातून ओणवं होऊन पाहावं तसा झुकून थांबला होता. वाळत घातलेले कपडे खाली बोळात पडले होते.

रेणुकादास तसेच, बनियनवर, खाली धावले आणि हॉस्टेलचा जिना चढून गॅलरीत गेले. तोवर वैजनाथनं वेल्डिंगवाल्याला बोलावलं होतं. तो कठड्याच्या पायथ्याशी बसून बोट फिरवत होता.

"मालक, टाका सुटलेला न्हाई," तो म्हणाला. "घडी पडली हाय. कागदाची पडती तशी. लोखंडाची अशी पडत न्हाई."

"पडली तर हाय ना? मग कर सरळ."

"सरळ करायला गेलो तर मोडतंय. नवंच करावं लागतंय. आता लगीनसराई हाय, परवा येतो."

"वैजनाथ," रेणुकादास म्हणाले, "पोरींना आत ठेव. गॅलरीला कुलूप लाव."

वैजनाथनं त्यांच्याकडं बनियनपासून अनवाणी पायांपर्यंत पाहिलं. "कुलूप लावतो अन् कपडे तुमच्या रणगाड्यावर वाळत घालतो. जावा काका घरी." मग त्यानं नायलॉनची दोरी मागवली, कठडा मागच्या खोलीच्या खिडकीच्या गजाला बांधला आणि दोन्ही हातांनी हलवून दाखवला. "हत्ती बांधा."

रेणुकादास घरी परत वर आले तेव्हा समीक्षा कठड्याशी येऊन उभी राहिली होती. बादलीवर पुस्तक. तळहात पट्टीवर. दोरी ताणलेली.

"मुली, आत जा," ते ओरडले. "कठडा मोडलाय. आत जा म्हणतो ना."

ती पाठ करत राहिली.

त्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज फाटला. शेजारच्या खोलीतली एक पोरगी हसून म्हणाली, "सुरू झाले बघ."

रेणुकादासांनी पहिल्यांदा स्वतःचा आवाज परक्याचा असावा तसा ऐकला. इतके दिवस त्यांनी तो फुकट खर्च केला होता.

"अहो, मी आणते तिला," मागून विमलबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा वाकलेला कठडा पाहिला, समोरचा पाहिला, आणि त्यांच्या तोंडचा रंग उतरला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, डब्यात चार लाडू भरले आणि जिना उतरल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज समोरून आला.

"समीक्षा, खाली ये गं. घरच्या तुपातले आहेत."

"आले काकू, येऊन राहिले."

गॅलरी रिकामी झाली.

मोडल्याशिवाय पितळ सरळ करायचा एकच उपाय असतो. ते तापवायचं. लाल व्हायच्या आत ज्योतीवरून काढायचं. मग ते मऊ पडतं, शिशासारखं.

रेणुकादासांनी मेणबत्ती लावली.

चिमट्यात कठडा धरला आणि ज्योतीवरून फिरवला. समोर रंगाला फोड आले. नायलॉनची दोरी वितळून तुटली आणि थेंबाथेंबानं गळाली. एका विसरलेल्या ओढणीतून धूर निघाला.

त्यांनी पितळ काचेवर ठेवलं. निवू दिलं. पट्टीनं हळूहळू, श्वास रोखून, सरळ केलं.

मोडलं नाही.

समोरचा कठडा ताठ उभा राहिला.

पण मऊ पडलेलं पितळ सरळ होतं, सरळ राहत नाही. बोट लागलं तरी वाकेल. त्याला पायथ्याशी पक्कं करायला हवं होतं. त्यांनी प्लास्टिकची एक पट्टी घेतली, कठडा तिच्यावर उभा केला आणि सुपरग्लूची नळी उघडली. पायथ्याशी टाचणीच्या टोकाएवढा थेंब. बास. जन्माचं काम होणार होतं.

थेंब लावून नळी उचलणार तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला.

"काका." वैजनाथ उभा होता. त्यानं कठड्याला लाथ मारली. कठडा हलला नाही. "बघा, आपोआप सरळ झाला. उन्हानं लोखंड वाकतं अन् उन्हानंच सरळ व्हतं. तुमी उगी गल्ली गोळा केली. बायकोला पाठवून माझ्या पोरींना फितवून राहिलाव. लाज वाटू द्या जरा."

रेणुकादासांची मूठ आवळली.

नळी मुठीत होती.

उरलेला सगळा ग्लू पायथ्याशी सांडला. त्यांनी झटकन कापसाचा बोळा घेतला, पण तोवर तो गजागजांतून वर चढला होता, पाण्यासारखा, घाई न करता. वरच्या पट्टीवर पोचून पसरला. चकाकला. मग दिसेनासा झाला.

वैजनाथ हात झटकत निघून गेला होता. भिंगातून पाहिलं तर कठडा पक्का बसला होता. वरच्या पट्टीवर थोडी ओल. वाळेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मेणबत्ती विझवली, चष्मा काढला आणि डोळे मिटून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा राग उतरला होता.

विमलबाई रिकामा डबा घेऊन परत आल्या.

"झालं?"

"झालं."

"गुणी पोर आहे हो. उद्या पेपर आहे म्हणे. लाडू खाल्ले नि पळाली वर."

दोघांनी चहा घेतला. खालून मेसची थाळी वाजली. पोरी जिन्यावरून धडधडत उतरल्या, एकमेकींना हाका मारत. "समीक्षा, चल की." "तुम्ही व्हा पुढं." मग सगळं शांत झालं.

चहा संपला तरी समीक्षा कठड्याशीच होती. दोन्ही तळहात पट्टीवर रोवलेले, पुढं वाकलेली. पाठ करणं मात्र थांबलं होतं. ती इकडंतिकडं पाहत होती आणि कुणी पाहत नसेल अशा बेतानं खांद्याला हलकेच हिसका देत होती.

रेणुकादास खिडकीशी उठून उभे राहिले. तिनं त्यांना पाहिलं. ओरडतील म्हणून आधीच ओशाळं हसली.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्याला आजच रंग दिलाय का?"

 त्यांनी टेबलावरचा कठडा पाहिला. पट्टीवर, कलशाच्या दोन्ही अंगांना, खसखशीएवढे दोन पांढरे डाग वाळून टणक झाले होते.

बादलीवरच्या पुस्तकाचं पान वाऱ्यानं उलटलं. समीक्षा त्याच्याकडं नुसती पाहत राहिली.