येळवशीचा बर्फ

येळवशीला अणदूरमध्ये कुत्रंसुद्धा घरी थांबत नाही. वेळ अमावास्येचा तो दिवस; भज्जी, आंबील, उंडे घेऊन अख्खं गाव शेतात जेवायला जातं. आमच्या फ्रिजमधलं सगळंच डब्यांतून शेताकडे निघालं आणि मला तो आयता रिकामा सापडला. बर्फ साचून साचून फ्रीझरचं दारही लागेनासं झालं होतं.

"सणाच्या दिवशी कसला फ्रिज पुसतीस गं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो.

"तुम्ही अन् हे व्हा पुढं. मी स्कूटीवर येतेच."

प्लग काढला, फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, खाली जुनी लुगडी अंथरली. बर्फ सुरीनं खरवडू नका, गॅसची नळी फुटते, हे मी शेजारणींना इतक्यांदा ऐकवलंय की आता त्या मला पाहून वाट बदलतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी घाई नडलीच. मोठा गड्डा हलल्यासारखा वाटला, म्हणून ओला हात त्याच्यामागं घातला आणि तो चिकटला.

घाबरले नाही. ओली कातडी गार पत्र्याला चिकटतेच. दुसऱ्या हातानं पातेल्यातलं पाणी ओतत राहिले. बाकीचा फ्रीझर स्वच्छ झाला, ट्रे भरून फरशीवर पाणी आलं. माझ्या मनगटाभोवतीचा गड्डा मात्र तसाच होता, पांढरा आणि कोरडा.

मोबाईल ओट्यावर होता, हात पोचेना. शेजारच्या गंगम्मांना हाका मारल्या. भिंतीपलीकडे कुणीच नव्हतं. गल्लीत एक चप्पल वाजत नव्हती. मला रडू फुटलं, आणि मी मोठ्यानं रडले.

तेव्हा आत काहीतरी हललं.

माझं बोट कुणीतरी धरलं. तान्हं मूल धरतं तसं, मुठीत. ती मूठ उबदार होती.

मी हात ओढला. मूठ घट्ट झाली.

ऊन कलल्यावर दार वाजलं. मी आले नाही म्हणून अव्वा एकट्याच परत आल्या होत्या.

"अव्वा, हात अडकलाय. आत... कुणीतरी धरलंय."

मला वाटलं, हसतील. त्यांनी बर्फाला कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावर माया आली, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

"ओढू नगं," त्या म्हणाल्या. "भ्यालंय ते."

बांगड्या मागं सारून त्यांनी माझ्या हाताशेजारून आपला हात आत घातला. बर्फात फट कुठं होती, मला दिसलं नाही.

मूठ सैल झाली. माझा हात सुटला.

"थांबा अव्वा, पाणी तापवते, आत्ता काढते तुम्हाला!" मी ओट्याकडे धावले.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

"अव्वा, पाया पडते तुमच्या. हात काढा."

त्या दुसऱ्या हातानं बर्फाला थोपटत होत्या.

"प्लग लाव आता," त्या म्हणाल्या. "उकडलं की उठतंय ते."